मुकादमाचा पाय

१२ जानेवारी २०२५, रविवार

सडा टाकून झाला होता, चहा उकळत होता आणि मी दारातल्या उजेडाला चरखा ओढून धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरत होते. आत हे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. वर, मागाच्या आडव्या बांबूवर, मुकादम, यांचा पोपट. धोटा डावीकडे गेला की मुकादम डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. मध्येच उलटा लटकायचा, दोरीवरून खाली यायचा, यांच्या डोक्यावर बसायचा, परत वर. सात वाजल्यापासून बारापर्यंत हेच चालायचं. पुरेशा कांड्या झाल्या की मी उठून भात टाकायची.

अशा हजार सकाळी गेल्या असतील. त्यातली हीच का आठवावी? त्या सकाळी काही घडलं नव्हतं.

आठवली ती प्रविण डॉक्टरांमुळे. गावातल्या जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. शेजारी उषाबाईची शेळी पाहायला आले होते. मी म्हटलं, जरा आमचाही पाहून घ्या. मुकादमाने छातीची पिसं उपटून टाकली आहेत. कातडी दिसते, भाजलेल्या वांग्यासारखी. दिवसभर एका जागी बसतो आणि पिसं उपटतो.

त्यांनी हातात घेतला, पोट चाचपलं.

"उडते का हा?"

"नाही."

"चालते?"

"बसून राहते जी."

"याच्याशी बोलते कोण?"

बोलणार कोण? घरात मी एकटी.

"मी म्हशीचा डॉक्टर आहो काकू, पण एवढं समजते मले. याले रोग नाही. बसून बसून चरबी चढली, अन् एकटा पडला म्हणून पिसं उपटून राहिला. सूर्यफूल बंद. बिस्किट बंद. सकाळी एक घंटा, संध्याकाळी एक घंटा पिंजऱ्याच्या बाहेर. चढवा, उडवा, बोला. नाही केलं तर पावसाळा नाही पाहाचा तो."

हे गेले त्याला वर्ष झालं. तेव्हापासून माग बंद आहे. मुकादमाचाही माग त्याच दिवशी बंद झाला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

१३ जानेवारी

पिंजरा उघडला. तो बाहेर आला नाही. मी समोर बसले. तास गेला. गुडघे धरले.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळ चालतो का हे विचारायचं राहिलं, म्हणून दिला नाही. दिवसभर माझ्याकडे पाठ.

१६ जानेवारी, गुरुवार

बोलायचं काय पण? यांच्याशी बोलायला मला विषय शोधावा लागला नाही, कारण बोलायचे तेच. आणि मुकादम त्यांचा. तेरा वर्षांपूर्वी आठवडी बाजारात कुणी टोपलीत पिल्लं घेऊन बसला होता, त्यातलं एक उचलून आणलं. मला विचारलं नाही. पहिल्याच महिन्यात माझ्या अंगठ्याला असा चावला की आठ दिवस कांड्या भरता आल्या नाहीत. तेव्हापासून मी पिंजरा पुसायची, पाणी ठेवायची. बाकी संबंध नाही. एक शब्द कधी शिकला नाही. लोक हसायचे. कसला पोपट पाळला भैय्यालालभाऊ, मुका! हे म्हणायचे, "मुकादम बोलत नसते. काम पाहत असते." तेच नाव पडलं.

शेवटी पेपर वाचून दाखवला. मोठ्याने वाचायची मला सवय नाही. मी शाळेत गेले नाही. लग्नानंतर सुताचे गठ्ठे ज्या पेपरात बांधून यायचे, ते सोडवता सोडवता अक्षरं ओळखू लागले, मग लिहूही लागले. बातमी अर्धी असायची, उरलेली फाटलेली. अजूनही पूर्ण बातमी हातात आली की जास्तच वाटते.

वाचत होते तर उषाबाई दारात.

"काहून वं विमला, पोपटाले पेपर वाचून दाखवून राहिली का?"

"डॉक्टर म्हणते बोलत जा."

"मंग माह्याशी बोल ना. मी काय पिंजऱ्यात जाऊन बसू?"

चहा प्यायली. बिबट्या विहिरीत पडल्याची बातमी शेवटपर्यंत ऐकली, मगच गेली. मुकादमाने काही ऐकलं असेल असं वाटलं नाही.

१९ जानेवारी

पेपर. मग खताच्या पिशवीवर छापलेलं. मग माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा कागद. घसा बसला.

२२ जानेवारी, बुधवार

सूत तोलायच्या काट्यात त्याला तोलला. एका पारड्यात तो, दुसऱ्यात वजनं. तीनशे दहा ग्रॅम. डॉक्टर म्हणाले अडीचशेच्या वर नको.

आज माग असलेली खोली उघडली. वर्षाने. मागावर चादर टाकलेली आहे ती तशीच ठेवली. वरच्या बांबूला धानाची एक लोंबी बांधली. उषाबाईच्या भावाच्या शेतातल्या बांधीतली. खाली एक दोरी सोडली. मुकादमाला दोरीशी ठेवलं आणि म्हटलं, खायचं असेल तर चढ.

त्याने वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. यांच्याकडे असा पाहायचा नाही तो.

मी बाहेर जाऊन भांडी घासली. परत आले तर दोरीच्या अर्ध्यावर होता. धापा टाकत होता. चोच उघडी. मला वाटलं मेला आता. पण अर्ध्या तासाने लोंबीपर्यंत पोचला. दाणे सोलून सालं खाली टाकली. उपाशी माणूस जेवतो तसं नाही खाल्लं. सावकाश, एकेक दाणा.

२५ जानेवारी

सकाळी दोरी. मग हातावर बसवून हात एकदम खाली न्यायचा. पडतो की काय म्हणून तो पंख फडफडवतो. दहा वेळा, मग विसावा, परत दहा. हे डॉक्टरांनी मोबाईलवर दाखवलं. हाताला फडकं गुंडाळते. चावतोच. दुपारी हिरवी मिरची आणि शेवग्याचा पाला कागदाच्या पुडीत बांधून देते, म्हणजे सोडवत बसतो. संध्याकाळी पुन्हा दोरी.

मी सत्तावन्न वर्षांची आहे. स्वतःसाठी एवढी कवायत कधी केली नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

थकले. उठावंसं वाटत नाही. रोज तेच, आणि रोज त्याची पाठ. सकाळी अंथरुणात वाटलं, मरू दे त्याला. एकदा सुटेल. इथे लिहिलं आहे, खोडत नाही.

तरी उठले. पिंजरा उघडला. आज पेपर नव्हता, वाचायला काही नव्हतं. म्हणून नुसतीच बोलले. म्हटलं, मुकादमा, काल रात्री पुन्हा दोन माणसांचा भात टाकला. सवय जात नाही. सकाळी शिळा खाल्ला. तुले सांगून काय फायदा.

तो पिंजऱ्यातून चालत बाहेर आला. फडक्याच्या हातावर नाही, दुसऱ्या, उघड्या हातावर चढला. चावला नाही. नखं गार होती.

मी बोलतच राहिले. काय बोलले ते लिहीत नाही.

६ फेब्रुवारी

दोनशे पंच्याऐंशी ग्रॅम. आता रोज बोलते. भात टाकताना, भांडी घासताना. तो मागाच्या बांबूवरून पाहतो. कधी डोकं तिरपं करतो.

९ फेब्रुवारी, रविवार

खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत उडतो. बारा हात. एवढ्याने दम लागत नाही आता त्याला. डॉक्टर म्हणाले, लांब उडाला पाहिजे. बाहेर गल्ली आहे, जिथे पूर्वी ताणा, मागाचे उभे धागे, पसरायचो. सरळ, साठ हात. पण सोडला आणि गेला तर?

पायाला दोरा बांधायचं ठरवलं. सुती दोरा त्याने चोचीने एका दमात तोडला. नायलॉनची दोरी जड, उडेना. मग डब्यातून कोसा, टसर रेशीम, काढला. माझाच. कोसे राखेच्या पाण्यात उकळून, मांडीवर वळून काढलेला धागा. मांडीवर अजून घट्टा आहे त्याचा. हे म्हणायचे, विमलाच्या मांडीवरचा कोसा तुटत नाही, माग तुटेल. तीन पदरी केला. ओढून पाहिला. पायात बांधला आमच्याच गाठीने, तुटलेला ताणा जोडायच्या. ओढ बसली की आणखी घट्ट होते, सुटत नाही, आणि एवढी बारीक की कापडात दिसत नाही.

मुकादमाने चोचीने खूप ओढलं. तुटला नाही.

मला आनंद झाला. वर्षभरात माझ्या हाताचं काही कामाला आलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उडाला! गल्लीच्या एका टोकाला उषाबाई त्याला हातावर घेऊन उभी, दुसऱ्या टोकाला मी, हातात पेरूची फोड. म्हटलं, ये. तो आला. साठ हात, सरळ, ताण्यावरून जावा तसा. खांद्यावरचे लाल ठिपके उन्हात दिसले. मी ते तेरा वर्षांत नीट पाहिले नव्हते. माझ्या डोक्यावर बसला आणि पेरू मागू लागला.

उषाबाई म्हणाली, "आता तुह्याच डोक्यावर बसते पाय. भाऊच्या बसत होता तसा."

मी हसले. माझाच आवाज ओळखू आला नाही मला.

१३ फेब्रुवारी

रोज दोरा बांधायचा म्हटलं की चिडतो, पाय ओढतो, चावतो. म्हणून लांब धागा कापून घेते आणि पायातला फास तसाच ठेवते. दुसऱ्या दिवशी त्यालाच जोडायचा. सोपं होतं.

उद्या संजीवकडे जायचं आहे, नागपूरच्या वाटेवरच्या शहापूरला. माझा मुलगा. नातीचं, हर्षाचं, शाळेचं स्नेहसंमेलन आहे. मुकादमाला उषाबाई पाहील.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल परत आले. हर्षा धान कापणारी बाई झाली होती. हातात खराखुरा विळा मागत होती. सूनबाई रंजिताने पुठ्ठ्याचा करून दिला. संजीवने विचारलं, किती दिवस एकटी राहणार, इथे ये. मी म्हटलं, मुकादमाचं सुरू आहे. तो हसला नाही. बाबांचा पोपट आहे म्हणून मान हलवली.

उषाबाई म्हणते, दोन दिवस त्याने दाराकडेच पाहिलं. मी आल्यावर पिंजऱ्याच्या सळया चढून वर गेला, खाली आला, परत वर. छातीवर बारीक नवी लव आली आहे. हिरवी. दोनशे सत्तर ग्रॅम.

२४ फेब्रुवारी

दोन दिवस कमी खातो. एका पायावर बसतो. झोपेत पक्षी असेच बसतात.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज दोरी चढला नाही. ऊन वाढलं म्हणून असेल. उपवासाचं रताळं दिलं, चोच लावून सोडलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पाय सुजला आहे. डावा. ज्यात फास आहे तो.

सकाळी त्याने पाय वर घेतला तो खाली ठेवलाच नाही. मी हातात घेतला तेव्हा बोटं काळी निळी आणि गार. फास कुठे दिसेना. चष्मा लावला तरी दिसेना. कोशाचा रंग आणि त्याच्या पायाच्या खवल्यांचा रंग एकच. मग समजलं. धागा कातडीच्या आत गेला आहे, आणि वर सूज. रोज त्याने चोचीने ओढला असेल. जेवढा ओढला तेवढी गाठ आवळली. आमची गाठ तशीच असते. मी ती चाळीस वर्षं बांधते आहे. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही हे आधी कळायला हवं होतं असं म्हणता येणार नाही.

दुसऱ्या कुणाचा धागा असता तर केव्हाच तुटला असता.

प्रविण डॉक्टर बाहेरगावी आहेत. उद्या येतील.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मी धरला, डॉक्टरांनी भिंगातून पाहत बारीक कात्रीने धागा कापला. तीन ठिकाणी कापावा लागला. मुकादम एकदाच ओरडला. मी त्याचा आवाज एवढ्या वर्षांत ऐकलेला नाही, निदान असा नाही.

"तुमी काय, तार बांधली होती का काकू?"

"कोसा."

त्यांनी औषध लावलं. इंजेक्शन हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिले. म्हणाले, एवढ्याशा जिवाले किती द्याचं तेच माहीत नाही मले.

मग बाहेर ओट्यावर बसून सांगितलं. पाय मेला आहे. वरून कापावा लागेल, नाहीतर विष अंगात चढेल. भूल देऊन करायचं काम आहे, इथे होत नाही. नागपूरला वन विभागाचं जखमी पक्ष्यांचं केंद्र आहे, तिथे होईल.

"मंग नेते मी. केव्हा परत देते?"

"परत नाही देत काकू." ते खाली पाहून बोलले. "हा जंगलचा पक्षी. घरात ठेवणंच कायद्यात मना आहे. गावोगावी लोकं पाळते, कोणी पाहत नाही, तो भाग येगळा. पण तिथं दिला का दिला. पाय काढतीन, जगवतीन, अन् त्याईच्याच जवळ ठेवतीन. तुमाले नाही भेटन."

"अन् इथंच ठेवला तं?"

"आठ दिवस. नाहीतं दहा."

१ मार्च

हळद लावली. डॉक्टरांचं औषध लावलं. डाळिंबाचे दाणे एकेक चोचीत दिले. चार खाल्ले. दिवसभर मांडीवर घेऊन बसले. ज्या मांडीवर तो धागा काढला, तिच्यावरच.

त्याच्याशी बोलले. आता तो माझ्याकडे तोंड करून बसतो.

२ मार्च, रविवार

संजीवचा फोन. मी सगळं सांगितलं.

"आई, तू पागल झाली का? वन विभागात जाऊन सांगशील, मी तेरा वर्षं पोपट ठेवला म्हणून? तुलेच बसवून ठेवतीन."

"ठेवू दे."

"अन् परत देणारच नाही म्हणते तं कायले द्याचा? बाबाची एकच तं गोष्ट राहिली घरात. राहू दे ना तुह्यापाशी. जेवढे दिवस आहे तेवढे दिवस."

मी म्हटलं, त्याचा पाय सडून राहिला.

तो हळू बोलला, रागाने नाही. "बाबाही नाही म्हणाले होते नागपूरले जायले. तू ऐकलं ना त्याईचं? जबरदस्ती नाही केली. मी तेव्हा चिडलो होतो तुह्यावर, पण आता समजते मले. ज्याले घरी राहाचं त्याले घरीच राहू द्याव. तू बरोबर केलं होतं आई."

मी फोन ठेवला. काय बोलून ठेवला ते आठवत नाही.

३ मार्च

सूज वर चढली आहे. पाणी पितो, खात नाही. उषाबाई येऊन बसली. ती म्हणाली, "अवं, सोनाराच्या घरी पोपट मेला का पिंजऱ्यासकट तुळशीपाशी पुरते. तुह्या हातानं मेला तं काय वाईट?" तिच्या मनात वाईट नव्हतं. मला मात्र "तुह्या हातानं" हेच ऐकू येत राहिलं.

४ मार्च, मंगळवार

सकाळी सोमाजीकडे गेले. गावात त्याची व्हॅन आहे, आजारी माणसं, नवऱ्या, सगळं तीच नेते. म्हटलं, उद्या नागपूरला जायचं, पक्षी घेऊन. सहा वाजता.

त्याने चाकाला पाणी मारणं थांबवलं. नळी हातात तशीच. पाणी पायावर वाहत होतं त्याच्या. म्हणाला, "पक्कं ना, वैनी?"

एवढंच. वर्षभरात त्याने तेवढंच विचारलं. एरवी रस्त्यात भेटतो, रामराम करतो, जातो. त्याने कुणालाही सांगितलेलं नाही. मीच रोज त्याच्याकडे पाहायचं टाळते.

आता लिहायला हवं. या वहीतही मी ते लिहिलेलं नाही. या वहीलाही मी फसवलं.

यांना खोकला चार महिने होता. मग ताप आला. मोहाडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला न्या, छातीत पाणी आहे. हे नाही म्हणाले. मंगरू गेला होता नागपूरले, परत आला का, म्हणाले. मंगरू त्यांचा मित्र, मागवालाच. चार दिवस नाहीच म्हणत राहिले. हे सगळं खरं आहे. मी सगळ्यांना हेच सांगते आणि इथपर्यंत ते खरं आहे.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, बोलाव सोमाजीले. जाऊ. पिशवीत धोतर टाक.

सोमाजी आला. व्हॅन दारात उभी राहिली. मी पिशवी भरली. आत आले तर हे उशीला टेकून बसलेले. कपाळाला हात लावला, ताप उतरला होता. सकाळी वाटीभर पेज घेतली होती. मुकादम खांद्यावर. खोलीत ऊन आलं होतं. मला वाटलं, हे असे समोर आहेत. तिथे नेलं तर काचेच्या आत ठेवतील, मला बाहेर बसवतील, आणि मग पांढऱ्या कापडात देतील. मला ते डोळ्यासमोर पाहिजे होते. बरे होण्यापेक्षा जास्त.

मी बाहेर जाऊन सोमाजीला म्हटलं, आज बरं आहे, उद्या पाहू. तो म्हणाला, भाऊनं बोलावलं ना? मी म्हटलं, मी सांगते ना, जा.

व्हॅन गेल्याचा आवाज आत आला असणार. मी आत गेले तेव्हा यांनी पिशवीकडे पाहिलं. मग मुकादमाला खांद्यावरून उतरवून मागावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

संजीव संध्याकाळी पोचला. त्याने विचारलं, नागपूरले काहून नाही नेलं? माझ्या तोंडून निघालं, त्याईनं नाही म्हटलं. एकदा निघालं ते निघालं. पुढे सगळ्यांनीच तसं म्हटलं. हट्टी होता भैय्यालाल. त्यांच्या तेराव्यालाही लोक हेच बोलत होते, आणि मी वाढत होते.

मी संजीवला बोलू दिलं, तू बरोबर केलं होतं आई. ऐकून घेतलं.

मुकादमाने आज डोळे मिटले तेव्हा मी त्याच्या छातीला बोट लावून बसले होते. नवी पिसं मऊ आहेत. माझ्यासाठी तो इथेच राहावा असं मला वाटतं. तसंच वाटतं, तेव्हासारखंच. त्यात काही फरक पडलेला नाही. म्हणून सोमाजीला मी म्हटलं, पक्कं. अन् मी उद्या दारात येऊन काही वेगळं बोलली तं ऐकू नको, हॉर्न वाजवत राय.

६ मार्च, गुरुवार

काल सहाला निघालो. पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून त्याला मांडीवर घेतलं. केंद्रातल्या मुलीने कागद दिला. कुठे सापडला, असं विचारलेलं होतं. मी लिहिलं, घरी. जखम कशाने, तिथे लिहिलं, मी बांधलेल्या कोशाच्या धाग्याने. सही केली. ती म्हणाली, पाय जाईल, पक्षी वाचेल बहुतेक. मी त्याला एकदा हाक मारली आणि बाहेर आले.

परत येताना सोमाजीला शहापूरला गाडी थांबवायला सांगितली. संजीव जेवायला बसत होता. मी त्याला जेवू दिलं. मग त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं की बाबा जायला तयार होते, गाडी दारात आली होती आणि ती मी परत पाठवली.